भडंगाच्या हिशोबात आपली मजुरी धरा
(प्रभागसंघाच्या बैठकीत दिलेलं मार्गदर्शन)



सांगली-जयसिंगपूरचं भडंग आपल्याला नवीन नाही. सातारा काय अन् सांगली काय, चुरमुरे, शेंगदाणे आणि ठेचलेला लसूण घरोघरी असतो. वर कांदा, कोथिंबीर अन् लिंबू पडलं की गाड्यावरची भेळ तयार! त्यात सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालंय. म्हणजे माल आपला, चवही आपली. मग गटाच्या हातात पैसा का उरत नाही?

हिशोब बघूया. समजा, 10 किलो भडंग केलं. 200 ग्रॅमची 50 पाकिटं झाली. सामान 1,200 रुपये, गॅस अन् पिशव्या 200, गाडीभाडं 100. एकूण 1,500, म्हणजे पाकिटाला 30 रुपये. आपण ते 35 ला विकतो आणि 250 रुपये सुटले म्हणून खूश होतो. पण चौघी जणी पाच-पाच तास राबल्या, त्याचं काय? वीस तासांचे 250 म्हणजे तासाला साडेबारा रुपये. एवढ्यावर खुरपणीला तरी कुणी जाईल का?

तासाला 50 रुपये मजुरी धरली, तर 1,000 रुपये वाढतात आणि पाकीट 50 रुपयांना पडतं. गटाचा नफा अन् दुकानदाराचं कमिशन त्याच्यावर. घरचं काम म्हणून आपली मजुरी सोडू नका, ती वहीत लिहा.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याला घेणार कोण? माल तसा पाहिजे. चुरमुरे आधी उन्हात कडक करा. हळद-तिखट गॅस बंद करून घाला, नाहीतर करपतं. भडंग पूर्ण गार झाल्यावरच भरा. गरम भरलं की पाकिटात वाफ धरते आणि ते मऊ पडतं. पावसाळ्यात तर लगेच. तळलेलं तेल पुन्हा पुन्हा वापरू नका, खवट वास येतो आणि तब्येतीलाही वाईट. वर्तमानपत्रात बांधून देऊ नका, शाई खाण्यात उतरते.

विक्रीआधी अन्न सुरक्षा नोंदणी करा. पाकिटावर घटक, वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत खायचं ते, नोंदणी क्रमांक आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह छापा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने एका घाण्याचा असा हिशोब वहीत लिहून आणा. भाव काय ठेवायचा, ते सगळ्या मिळून ठरवू.