काचेच्या गोळ्यावर कोणाचं नाव?

हातातलं काम चालू असेल तर चालू द्या, काम करता करता ऐका. आज मी हप्ता, व्याज, कर्जफेड यातलं काही बोलणार नाही. आजचा विषय आहे पेपरवेट. पोस्टात, बँकेत, तलाठ्यांच्या टेबलावर पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून ठेवतात ना, तो काचेचा गोळा. कुणाच्या पोटात रंगीत फुलं असतात, कुणाच्या पोटात नुसते बुडबुडे.

हा विषय मला सुचला तो एका काकूंच्या प्रश्नावरून. त्यांच्या घरातल्या जुन्या पेटीत असा एक गोळा निघाला. दारावर जुन्या वस्तू घेणारा आला, गोळा हातात फिरवून म्हणाला, “साधाच आहे, पण घेतो.” काकूंनी तो दिला नाही. बैठकीत त्यांनी विचारलं, “साधाच आहे, तर त्याला कशाला हवा? आणि हा कोणी केला, ते कळायचं कसं?” प्रश्न अगदी योग्य होता. कारण वस्तू कोणी केली हे ज्याला कळतं, तोच तिचा भाव ठरवतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. आपल्याकडच्या घरांत आणि कचेऱ्यांत सापडणारे बहुतेक पेपरवेट खरोखरच साधे असतात. तेव्हा लगेच पेट्या उपसायला बसू नका. पण जगात काही पेपरवेट असे आहेत की त्यांच्यासाठी लोक लाखो रुपये मोजतात. १९९० साली न्यू यॉर्कच्या एका लिलावात फ्रान्समधल्या क्लिशी कारखान्याचा, फुलांच्या टोपलीचा पेपरवेट अडीच लाख डॉलरच्या वर गेला. मुठीत मावणारी वस्तू! ती ओळखता आली नसती, तर कुणाच्या तरी टेबलावर बिलांवर बसून राहिली असती.

या कलेचा बहराचा काळ म्हणजे १८४५ ते साधारण १८६०. व्हेनिसच्या पिएत्रो बिगाल्या यांनी १८४५ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात असे गोळे मांडले. फ्रान्सच्या कारखानदारांनी ते काम उचललं आणि फार पुढं नेलं. तिथले तीन कारखाने सर्वांत नावाजलेले: पूर्व फ्रान्समधले बाकारा आणि सँ-लुई, आणि पॅरिसजवळचा क्लिशी.

आता गोळ्याच्या पोटातली फुलं कशी येतात ते सांगते, म्हणजे पुढची ओळख पटवणं सोपं जाईल. अळूवडीचा उंडा आपण कापतो तेव्हा प्रत्येक वडीवर तीच नक्षी दिसते की नाही? तसंच आहे हे. तापलेल्या काचेवर वेगवेगळ्या रंगांचे थर चढवायचे, साच्यात दाबून चांदणीचा किंवा फुलाचा आकार द्यायचा. मग ती जाड कांडी गरम असतानाच दोन्हीकडून ओढायची. पाकाची तार निघावी तशी ती लांबच लांब, पेन्सिलीएवढी किंवा त्याहून बारीक होते, पण आतली नक्षी मोडत नाही, फक्त लहान होते. गार झाल्यावर तिच्या बारीक चकत्या पाडायच्या, त्या जुळवून मांडायच्या आणि वर वितळलेली स्वच्छ काच घालून घुमट करायचा. या कामाला इटालियन भाषेत मिलेफिओरी म्हणतात, म्हणजे हजार फुलं.

ओळख पटवण्याचं पहिलं साधन म्हणजे या चकत्या. प्रत्येक कारखान्याचे साचे वेगळे, म्हणून चकत्याही वेगळ्या. भिंग घेऊन त्या पाहायच्या. बाकाराच्या कित्येक गोळ्यांत फुलांच्या गर्दीत बी हे अक्षर आणि साल सापडतं, बहुतेक १८४६ ते १८४९ मधलं. सँ-लुईचं चिन्ह एस एल. क्लिशीनं साल घातलं नाही, सी अक्षरही क्वचितच. पण त्यांच्या गोळ्यांत पुष्कळदा एक उमललेला गुलाब असतो, पाकळ्यांवर पाकळ्या असलेला, बाजूनं हिरवा. जाणकार त्याला क्लिशीचा गुलाब म्हणूनच ओळखतात.

बाकाराच्या चकत्यांत प्राण्यांच्या सावल्याही दिसतात: कोंबडा, कुत्रा, माकड, हत्ती. त्यामागची गोष्ट मला फार आवडते. कारखान्याच्या व्यवस्थापकांच्या नात्यातला एमिल ग्रिदेल नावाचा लहान मुलगा कागद कापून प्राणी बनवत होता. व्यवस्थापकांनी ते पाहिले आणि तसेच आकार काचेत उतरवले. आजही संग्राहक त्या चकत्यांना ग्रिदेलच्या नावानंच ओळखतात. पोरानं केलेले कागदाचे तुकडे कुणी केरात टाकले नाहीत, म्हणून त्याचं नाव राहिलं.

दुसरं साधन म्हणजे बूड. गोळा उलटा करून पाहा. भट्टीत काम चालू असताना तो लोखंडी सळईच्या टोकाला धरलेला असतो, शेवटी तिथून तोडतात. ती खूण कुणी खडबडीत ठेवतो, कुणी घासून वाटीसारखी खोलगट करतो, कुणी त्यावर चांदणी कोरतो. बाकाराच्या बऱ्याच गोळ्यांच्या बुडाशी अशी चांदणी असते. त्या बुडावरचे बारीक ओरखडेही पाहायचे. शंभर-दीडशे वर्षं टेबलावर सरकलेल्या वस्तूची झीज वेगळी दिसते. मुद्दाम घासून म्हातारी केलेली वस्तू वेगळी दिसते.

तिसरं, वजन आणि काच. शिसं घातलेली काच जड असते. एकाच आकाराचे दोन गोळे हातात घेतले तर फरक जाणवतो. अंधारात अतिनील दिव्याखाली वेगवेगळी काच वेगवेगळ्या छटेनं उजळते, त्याचाही आधार जाणकार घेतात. पण एवढ्या एकाच गोष्टीवर कुणी निकाल देत नाही. चकती, बूड, वजन, काचेचा रंग, मांडणी, असे चार-पाच साक्षीदार एकच नाव सांगू लागले, की मग ते नाव घ्यायचं.

कारण साक्षीदार खोटंही बोलतात. १९३० च्या सुमारास फ्रेंच गोळ्यांच्या नकला चीनमध्ये करवून घेतल्या गेल्या. त्यांची काच पिवळसर आणि हाताला जराशी साबणासारखी लागते. इंग्लंडमध्ये १८४८ साल घातलेल्या दौती आणि पेपरवेट लंडनच्या व्हाइटफ्रायर्स कारखान्याचे म्हणून वर्षानुवर्षं विकले गेले. पुढं अभ्यासकांनी चकत्या ताडून पाहिल्या, तेव्हा त्यातले पुष्कळ बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत विसाव्या शतकात झालेले ठरले. म्हणजे वस्तूवर लिहिलेली तारीखसुद्धा डोळे मिटून मानायची नाही. त्यातून कारागीर गाव बदलतात आणि हात सोबत नेतात. सँ-लुईचे निकोलस लुट्झ अमेरिकेत सँडविच गावच्या कारखान्यात गेले, मग तिथल्या काचेत फ्रान्सची ढब दिसली तर नवल काय?

आता माझ्या मनातल्या खऱ्या मुद्द्याकडे येते. बाकारा, सँ-लुई, क्लिशी ही झाली कारखान्यांची नावं. भट्टीसमोर घाम गाळून त्या हजार फुलांची चकती न् चकती ज्यांनी मांडली, त्या बहुतेकांची नावं कुठल्याच गोळ्यावर नाहीत. स्कॉटलंडमध्ये मात्र चित्र थोडं बदललं. पॉल इसार्ट १९०४ साली बार्सिलोनात जन्मले, वडिलांसोबत १९१५ साली स्कॉटलंडला आले. पुढं पर्थ गावच्या मॉन्क्रीफ कारखान्यात बाप-लेक कामाला लागले. मालकीणबाई इझोबेल मॉन्क्रीफ यांनी त्यांच्यातली कला हेरली आणि १९२४ पासून तिथं रंगीत कलाकाच बनू लागली. तिचं नाव मोनार्ट. पहिला भाग मालकांच्या आडनावातून, दुसरा कारागिरांच्या आडनावातून. पॉल यांनी पेपरवेटही केले आणि आतमध्ये पी वाय अशी आपल्या नावाची चकती बसवली. आज ती बारीक चकती सापडली, की संग्राहकांचे डोळे चमकतात. खोटी पी वाय घालून विकणारेही निघाले, यावरूनच त्या नावाची किंमत ओळखा.

हे सगळं ज्ञान जमवणाऱ्यांत एक बाई होत्या, त्यांचं नाव तुम्हाला सांगायलाच हवं. इव्हँजेलिन बर्गस्ट्रॉम. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या नीना गावच्या. त्यांच्या यजमानांचा कागदाचा कारखाना होता. लहानपणी आजीकडं पाहिलेला पेपरवेट त्यांच्या मनात राहिला होता. साठी ओलांडल्यावर त्यांनी गोळे जमवायला सुरुवात केली. त्या नुसत्या जमवत बसल्या नाहीत. कुठला कुणाचा, कशावरून, हे एकेक ताडून पाहिलं आणि १९४० साली जुन्या पेपरवेटांवर पुस्तक काढलं. त्या विषयावर लिहिणाऱ्यांत त्या अगदी सुरुवातीच्या. १९५८ मध्ये त्या गेल्या, आणि पुढच्या वर्षी त्यांचं राहतं घर संग्रहालय म्हणून सगळ्यांसाठी उघडलं. साठाव्या वर्षी काय शिकायचं, असं म्हणणाऱ्या मावशांनी हे लक्षात ठेवावं.

बरं, तुमच्या घरात असा गोळा निघालाच, तर काय करायचं? उकळतं पाणी ओतू नका, काच तडकते. कोमट पाण्यात मऊ फडक्यानं पुसा. चरा पडलाय म्हणून लगेच घासून आणू नका, बूड घासलं की पुरावा गेला. मोबाइलवर वरून, बाजूनं आणि बुडाचा असे तीन फोटो काढा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, दोऱ्यानं घेर मोजा आणि वहीत लिहा. घरात कुणी, कुठून, कधी आणला, हे म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून ठेवा. दारावर आलेल्याला लगेच देऊ नका, दोन जाणकारांना वेगवेगळं दाखवा. आणि खिडकीत उन्हात ठेवू नका. तो भिंगासारखं ऊन एकवटतो आणि खालचा कागद पेटू शकतो.

शेवटी आपल्या गटांविषयी एकच गोष्ट. आपण गोधड्या शिवतो, मसाले कांडतो, पापड लाटतो. घेणारा व्यापारी कधी कधी म्हणतो, “तुमची चिठ्ठी नको, मी माझी लावतो.” दोन पैसे लवकर मिळतात म्हणून आपण हो म्हणतो. मग पुढं कुणी ती गोधडी हातात घेऊन “काय सुंदर टाका आहे” म्हणेल, तेव्हा टाका कुणाचा हे सांगायला काही उरणार नाही. नुसत्या टाक्यावरून नाव शोधायला किती भिंगं आणि किती वर्षं लागतात, ते आपण आत्ताच ऐकलं.

म्हणून माझी सूचना अशी. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात गटाचं नाव, करणारीचं नाव आणि साल रंगीत दोऱ्यानं घाला. चिठ्ठी काढता येते, टाका उसवायला वेळ लागतो. मसाल्याच्या पाकिटावर गटाचं नाव छापल्याशिवाय माल द्यायचा नाही, असा ठराव वहीत लिहा आणि सगळ्यांनी सह्या करा. भावाची बोलणी तुम्हीच करा. काम आपलं, तर नावही आपलंच हवं.

तुमच्या गटानं कुठलं चिन्ह ठरवलं, ते आपल्या रेडिओ केंद्राला जरूर कळवा.