ओहोटीच्या वेळी, दोन वर्षांच्या पावलाने

(मुरुड येथे हितचिंतकांच्या सभेत केलेले भाषण)



आपण दोन खोकी भरून खेळणी आणलीत, त्याबद्दल आभार. ती वाडीवर पोचतील. पण आज मला मागायचे आहे ते वेगळेच: सकाळचा एक तास, आणि त्या तासाला एक मोकळे मोठे माणूस.

दीड-दोन वर्षांच्या मुलाला घेऊन ओहोटीच्या वेळी इथल्या पुळणीवर जा. ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची रांगोळी दिसेल. ती लहान खेकड्यांची करणी. खेकडा वाळू तोंडात घेतो, तिच्यातले सूक्ष्म अन्न काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतो. भरती आली की सारे पुसले जाते. आपल्याला जंजिरा दाखवायची घाई असते. मूल त्या गोळ्यांपाशीच बसते. एक फोडते, दुसरी फोडते, बिळाकडे बघत राहते. बसू द्यावे. किल्ला कुठे जात नाही.

लगेच ‘म्हण, खे-क-डा’ असेही करू नये. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव प्राण्यांना आदामाकडे आणतो, ते तो त्यांना काय नावे देतो हे पाहायला. ईशज्ञानाच्या वर्गात हा भाग आम्ही पुष्कळ चर्चिला; पण असे थांबणे प्रत्यक्षात पाहिले ते खाडीकाठच्या एका कातकरी आजीत. नातू चिखलात हात घाली, तिच्याकडे बघे. ती नुसते ‘हं’ म्हणे. हात कामात, डोळा पोरावर.

हा विचार काही आजचा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मॉन्टेसरीची महाग साधने वारली पाड्यांवर कुठून आणणार? पाने, बिया, खडे, शंख-शिंपले हीच साधने झाली. मुले गुरांमागे जात, म्हणून शाळाच कुरणात गेली. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटे असे, म्हणून पाळणाघर आले. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. १९७५ च्या सरकारी योजनेने हे नाव देशभर नेले. अंगण मात्र कितीतरी ठिकाणी चार भिंतींत शिरले आहे.

आपल्या जिल्ह्यातली अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात. तिथेही मूल उघड्यावरच असते, पण धुरात आणि ट्रकांच्या वाटेत. आईला कामातून मान वर करता येत नाही. सहा-सात वर्षांची बहीण त्याला सांभाळते आणि तिची शाळा बुडते. आजी वाडीवर राहते. कुठल्या पाल्याने खाज सुटते, कुठला कंद उकडल्याशिवाय खायचा नाही, हे सारे तिच्यापाशीच राहते. म्हणून माझे म्हणणे असे की, खेळण्यांच्या पैशातून वाडीतल्याच एखाद्या बाईला मानधन द्यावे. तिने लहानग्यांना रोज तासभर बाहेर न्यावे, आणि शक्य तिथे भट्टीवरही जावे.

आपणही या, पण शिकवायला नको. मूल हाताच्या अंतरावर ठेवा. घोटाभर पाणीही या वयाला पुरेसे धोक्याचे असते. तोंडात मावेल असा शिंपला किंवा बी काढून घ्या. वाळूवर पडलेली जेलीफिश मेलेली दिसली तरी हात लावू देऊ नका. पावसाळ्यात समुद्र नको; दारातली गोगलगाय पुरते.

नावे सभेनंतर माझ्याकडे द्यावीत. येताना पिण्याचे पाणी आणि एक जुना टॉवेल आणा. मोबाइल पिशवीत राहू द्या.