वय, पैसा आणि ‘नाही’ म्हणण्याची मुभा

(मासिक ऑनलाइन बैठकीतल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मागच्या बैठकीच्या शेवटी एका सभासदाने विचारलं होतं, ‘पन्नाशीतला श्रीमंत, एकटा बाप आणि पंचविशीतला तरुण यांचं जुळलं, तर त्याला प्रेम म्हणायचं की व्यवहार?’ वेळ संपली आणि प्रश्न राहून गेला. आज त्यावरच बोलते.

मी रसायनशास्त्राची संशोधक. प्रयोगात एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या, तर परिणाम कशामुळे झाला ते कळत नाही. या प्रश्नातही तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत: वयातलं अंतर, पैशातलं अंतर आणि लपवाछपवी. त्या वेगळ्या करून पाहू.

आधी वय. देवलांच्या ‘संगीत शारदा’त (1899) म्हातारा भुजंगनाथ आणि कोवळी शारदा आहे. पण अन्याय वयांच्या वजाबाकीत नव्हता. शारदा लहान होती, तिला कुणी विचारलं नव्हतं आणि बाप कांचनभट तिचे पैसे घेत होता. दोघंही सज्ञान असतील, तर प्रश्न एवढाच उरतो: धाकट्याला ‘नाही’ म्हणता येतं का? आणि म्हटलं, तर त्याचं काय होतं?

मग पैसा. मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये काम करते. इथे एका भागात ग्रीन कम्युनिटीची तळ्याकाठची घरं आहेत. थोडं पुढे गेलं की कारखाने, गोदामं, कामगारांची निवासस्थानं. आपल्यासारख्यांचा राहण्याचा परवाना बहुधा नोकरीला बांधलेला असतो. प्रिय माणूसच मालक असेल, तर ‘नाही’ म्हणण्याची किंमत नोकरी, घर आणि देश अशी तिहेरी होते. त्यात समलिंगी संबंध इथे आजही गुन्हा आहे. मग तक्रार घेऊन जायचं कुणाकडे?

इथे तिसरी गोष्ट येते, लपवाछपवी. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस आपल्यातल्या अनेकांना ‘अलीगढ’ (2015) या चित्रपटामुळे माहीत आहेत. मूळचे नागपूरचे, मराठीचे प्राध्यापक, कवी. 8 फेब्रुवारी 2010 च्या रात्री अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या आवारातल्या त्यांच्या घरात कॅमेरा घेऊन माणसं घुसली. सोबत एक रिक्षाचालक होता. सज्ञान माणसांचे खाजगीतले, संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असं दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै 2009 मध्ये सांगितलं होतं. तरी विद्यापीठाने सिरसांना निलंबित केलं. 1 एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली; 7 एप्रिलला सिरस राहत्या घरी मृतावस्थेत सापडले. आपण सिरसांसाठी हळहळलो, ते योग्यच. पण त्या रिक्षाचालकाचं काय झालं, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलं?

आता बापाकडे येऊ. भारतात सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 ला 377 कलमाची भीती दूर केली, पण 17 ऑक्टोबर 2023 ला समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही आणि 2021 च्या सरोगसी कायद्यात त्याला जागाच नाही. म्हणजे आपल्या प्रश्नातला बाप बहुधा घटस्फोटित किंवा विधुर असणार. धाकटा जोडीदार त्याच्या मुलाला दहा वर्षं शाळेत सोडेल, तापात उशाशी बसेल. कायद्याने तो त्या मुलाचा कुणीही नसतो. बाप गेला, तर मृत्युपत्राशिवाय त्याला वारसा नाही. नातं तुटलं, तर पोटगी नाही. लग्नात दुबळ्या बाजूला कायदा थोडा तरी टेकू देतो. इथे सगळं मोठ्याच्या चांगुलपणावर. दोघांमधलं अंतर कायद्यानेच वाढवलेलं आहे.

एक कबुली देते. काही वर्षांपूर्वी पुण्यात माझ्या एका मित्राने मला त्याच्या धाकट्या जोडीदाराबद्दल सांगितलं. मित्र घटस्फोटित, सुखवस्तू, मुलगा शाळेत. मी पहिलाच प्रश्न विचारला, ‘पैशासाठी तर नाही ना रे?’ तो तरुण समोरच्याच खुर्चीत बसला होता. मी त्याला काहीच विचारलं नाही. त्याचं नाव, काम, तो खूश आहे का, काहीच नाही. पुरोगामी म्हणवणारी मी, मित्राची तिजोरी राखत बसले होते.

तेव्हा माझं उत्तर असं. प्रेम की व्यवहार, हे बाहेरून ठरवणारे आपण कोण? आपण एवढं पाहू शकतो की धाकट्याची स्वतःची कमाई आणि स्वतःचं खातं आहे का, मोठ्याने मृत्युपत्र केलंय का, मुलाला त्याच्या वयाला झेपेल इतकं खरं सांगितलंय का. संयुक्त खातं आणि नामनिर्देशन यांना समलिंगी जोडीदारांसाठी आडकाठी नाही, हे केंद्र सरकारने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलं आहे. तेवढं तर आज करता येतं.

आणि असं जोडपं आपल्या घरी जेवायला आलं, तर दोघांशीही बोला. लपवाछपवी थोडी कमी करणं आपल्या हातात आहे.

आता तुमचे प्रश्न.