तुटलेला मज्जातंतू आणि मास्ट पेशी



शताब्दी साजरी करणाऱ्या ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून मराठीच्या अध्यापकाने एखाद्या कवीविषयी बोलावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. तथापि गोडादरा, लिंबायत, उधना या परिसरातील मराठी माणूस, विशेषतः खानदेशातून आलेला, आपल्या हातांच्या बळावर येथे उभा राहिला. यंत्रमाग, रंगाई, भरतकाम ही सारी बोटांची कामे. म्हणून या हातांतील मज्जातंतूंविषयी, आणि ते दुखावले असता प्रथम जागी होणाऱ्या एका सूक्ष्म पेशीविषयी चार शब्द बोलण्याचे मी योजिले आहे. शास्त्रीय ज्ञान आपल्या भाषेत वाचकांपर्यंत नेणे हेही ग्रंथालयाचेच कार्य होय.

मागावर ताण्याचा धागा तुटला तर कारागीर गाठ देतो आणि माग पुन्हा चालू होतो. मज्जातंतूचे तसे नाही. १८५० साली ऑगस्टस वॉलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने बेडकाच्या जिभेचे मज्जातंतू कापून पाहिले. मूळ पेशीपासून विलग झालेला पुढचा भाग थोड्याच दिवसांत विघटित होतो, असे त्याला आढळले. शल्यविशारद शिवतो ते बाहेरचे आवरण. आतील तंतूला तुटलेल्या जागेपासून पुढे नव्याने वाढत जावे लागते. त्याची गती दिवसाला सुमारे १ मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचे १८ सेंटिमीटर अंतर कापण्यास त्याला साधारण ६ महिने लागतात.

मात्र या वाटेवर जुन्या तंतूचे अवशेष पडलेले असतात. ते दूर झाल्याखेरीज नवा तंतू नीट पुढे सरकत नाही. या साफसफाईची पहिली हाक देणाऱ्यांत मास्ट पेशींचा समावेश होतो.

या पेशींच्या शोधाची कथा सुरतकरांना जवळची वाटावी. पाउल एर्लिख हा तरुण जर्मन विद्यार्थी कापड रंगविण्याच्या अ‍ॅनिलीन रंगांनी शरीरातील ऊती रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असे. काही पेशी त्या रंगाने वेगळ्याच छटेत उठून दिसल्या, कारण त्यांच्या पोटात कणांची दाटी होती. या पेशी भरपूर पोसलेल्या असाव्यात, अशा समजुतीने १८७८ सालच्या प्रबंधात त्याने पोषणवाचक जर्मन शब्दावरून त्यांना ‘मास्ट’ हे नाव दिले. समजूत चुकीची ठरली, नाव मात्र राहिले. एर्लिखला पुढे १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ते कण अन्नाचे नव्हेत; ती हिस्टामिन, हेपारिन आणि प्रथिने तोडणारी विकरे यांची कोठारे आहेत. मास्ट पेशी त्वचेत असतात, तशाच मज्जातंतूच्या आतही, रक्तवाहिन्यांच्या आसपास, मुक्काम करून असतात. तंतूला इजा होताच त्या आपले कण बाहेर टाकतात. हिस्टामिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्तातील भक्षक पेशी आत शिरून अवशेष गिळू लागतात. मग श्वान पेशी जुन्या नळीत रांगेने उभ्या राहून नव्या तंतूला वाट दाखवितात. मज्जातंतूंच्या वाढीस चालना देणारे एक प्रथिन रीटा लेव्ही-माँतालचिनी यांनी शोधले. त्यासाठी १९८६ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा बहुमान लाभला. हे प्रथिन दिले असता उंदरांच्या नवजात पिलांत मास्ट पेशींची संख्या वाढते, हेही १९७७ साली दिसून आले. मज्जातंतू आणि मास्ट पेशी यांचे नाते असे दुहेरी आहे.

या मदतीची दुसरी बाजूही आहे. हीच द्रव्ये वेदनावाहक तंतूंना चेतवितात. उंदरांच्या मज्जातंतूला अंशतः इजा करून मास्ट पेशींना कण सोडण्यापासून औषधाने रोखले असता भक्षक पेशींचे आगमन घटले आणि वेदनाही घटली, असे २००३ सालच्या प्रयोगात आढळले. दाह यावा आणि काम आटोपून जावा, यातच हित आहे. तो रेंगाळला, तर वेदना घर करते.

रेंगाळलेल्या दाहाचे दारुण उदाहरण महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. कुष्ठरोगाचे जंतू श्वान पेशींतच ठाण मांडतात, आणि त्यांच्याविरुद्ध शरीरात उसळणारा दाह मज्जातंतूचाही घास घेतो. वेदनाच नाहीशी झाल्याने चटका कळत नाही, जखम कळत नाही, आणि बोटे झिजत जातात. बाबा आमटे यांनी आनंदवनात अशा माणसांना श्रमाची प्रतिष्ठा दिली; मुंबईचे शल्यविशारद डॉ. नोशिर अंतिया यांनी त्यांच्या वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. दुखणे ही आपत्ती खरी, पण न दुखणे ही त्याहून मोठी आपत्ती होय.

म्हणून एक विनंती. काचेने, पात्याने वा यंत्राने हात कापला आणि त्यानंतर बोट बधिर राहिले किंवा वळेनासे झाले, तर वरची कातडी जुळली यावर समाधान मानू नये. पहिल्या काही दिवसांतच शल्यविशारदास दाखवावे. कारण स्नायू अनिश्चित काळ वाट पाहत नाहीत; वर्ष-दीड वर्ष संदेशाविना गेले की तंतू पोहोचूनही ते बहुधा प्रतिसाद देत नाहीत. कोपराजवळ तंतू तुटला, तर पंजातील स्नायूंपर्यंतचा प्रवासच वर्षभराचा असतो. तेथे दवडलेला प्रत्येक महिना हाताच्या शक्तीतून वजा होतो.

शस्त्रक्रियेनंतर मज्जातंतूच्या मार्गावर हलकेच टिचकी मारली असता मुंग्या येतात, आणि मुंग्यांची ती जागा महिन्यागणिक बोटांकडे सरकते. नवा तंतू पुढे येत असल्याची ती खूण. १९१५ साली झ्यूल तिनेल या फ्रेंच वैद्याने तिचे वर्णन केले, आणि त्यानेही तिला मुंग्यांचीच खूण म्हटले. दूरच्या दोन भाषांना एकाच अनुभवासाठी एकच प्रतिमा सुचावी, याचे भाषेच्या अभ्यासकाला कौतुक वाटते. ज्याचा हात बरा होत आहे, त्याला मात्र या मुंग्यांनी धीर यावा.