दिवा आणि दर्या

माझी पहिली कविता मी कंदिलाच्या उजेडात लिहिली. कोकणातल्या आमच्या गावात तारा आल्या होत्या, पण वीज यायची ती पाहुण्यासारखी. कधी येईल आणि कधी उठून जाईल, याचा नेम नसे. पहाटे फजरच्या अजानला जाग यावी, तर खाडीच्या तोंडाशी होड्या बाहेर पडताना दिसत. म्हणून विजेचा विषय निघाला की माझ्या मनात दिवा आणि दर्या एकदमच येतात. मला दोन्ही हवे आहेत. आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्या लोकप्रतिनिधींपुढेही हाच पेच होता.

जयराम रमेश हे राज्यसभेचे सदस्य. शिक्षणाने ते मुंबईच्या आयआयटीतले अभियंते. मे २००९ ते जुलै २०११ या काळात केंद्रात पर्यावरण व वन खात्याचा स्वतंत्र कार्यभार त्यांच्याकडे होता. त्याआधी काही काळ ते वीज खात्याचेही राज्यमंत्री होते. म्हणजे विजेची निकड त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

आपल्या देशात निम्म्याहून अधिक वीज कोळशापासून होते आणि बराचसा कोळसा आहे जंगलाखाली. रमेश यांच्या काळात नऊ कोळसा क्षेत्रांचे नकाशे जंगलाच्या नकाशांवर ठेवून पाहिले गेले. दाट जंगल असेल तिथे खाण नको, विरळ असेल तिथे विचार करू, अशी ती विभागणी होती. कोळसा खाते नाराज झाले, उद्योगजगतात ओरड झाली. पुढे ती विभागणी टिकली नाही.

पण याच मंत्र्यांनी जून २०११ मध्ये छत्तीसगडच्या हसदेव अरण्यातल्या खाणींना प्राथमिक मंजुरी दिली. खात्याच्या सल्लागार समितीने नकार सुचवला होता, तो त्यांनी बाजूला ठेवला. या खाणी जंगलाच्या गाभ्यात नसून कडेला आहेत, हे त्यांचे एक कारण. पर्यावरणवाद्यांना हे रुचले नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी बोलणी खाणारा हा मंत्री!

मला महत्त्वाची वाटते ती त्यांची एक सवय. मोठ्या प्रकरणात होकार असो वा नकार, ते कारणांसहित लेखी आदेश काढत आणि तो लोकांपुढे ठेवत. हसदेवचा आदेशही तसाच होता. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा कायदा २०१० मध्ये झाला, तो याच मंत्र्यांच्या पुढाकाराने. मार्च २०१४ मध्ये त्याच न्यायाधिकरणाने त्यांची ही कारणे तपासली, ती अपुरी ठरवली आणि मंजुरी रद्द केली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम चालू ठेवू दिले, ही गोष्ट वेगळी. पण मंत्र्याने कारण लिहिले होते, म्हणून ते तपासता आले. मुक्या सहीशी वाद कसा घालणार?

आता आमच्या किनाऱ्याकडे येऊ. राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या खाडीजवळ, माडबनच्या कातळसड्यावर १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या उभारायचे ठरले. एकूण ९९०० मेगावॅट. नोव्हेंबर २०१० च्या अखेरीस रमेश यांनी ३५ अटी घालून पर्यावरण मंजुरी दिली. समुद्रात सोडलेले पाणी मूळ पाण्यापेक्षा पाच अंशांहून अधिक गरम नसावे, ही त्यांतली एक. पुढच्याच आठवड्यात फ्रान्सचे अध्यक्ष भारतात आले आणि करार झाला.

वीज, परराष्ट्र संबंध, पर्यावरण, सगळे तोलून पाहिले असे मंत्र्यांचे म्हणणे. मी ते खोटे म्हणत नाही. पण साखरी नाट्याचा मच्छीमार जाळे टाकतो तो त्याच पाण्यात. पाच अंशांनी बांगडा कुठे जाईल, कोळंबी राहील की नाही, हे त्याला विचारावेसे किती जणांना वाटले? मार्च २०११ मध्ये जपानात फुकुशिमा घडले. १८ एप्रिलला नाट्यात आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि एक तरुण मच्छीमार मरण पावला. पस्तीस अटी त्याच्या कामी आल्या नाहीत.

ती अणुभट्टी अजून उभी राहिलेली नाही. माडबनचा सडा पावसाळ्यात आजही फुलतो. वीज मात्र आपल्याला आणखी लागतेच आहे. माझ्या नातवंडांना कंदील ठाऊक नाही, आणि तो ठाऊक व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

तेव्हा मी कुणाला खलनायक ठरवणार नाही. कारण लिहून देणारा लोकप्रतिनिधी आपल्याकडे दुर्मीळ, त्याची कदर करायला हवी. पण निर्णयानंतर कारण कळणे वेगळे आणि निर्णयाआधी विचारले जाणे वेगळे. पहिल्याने कागद पक्का होतो, दुसऱ्याने माणसाचा मान राहतो. उद्या तुमच्या गावाशेजारी खाण येईल, धरण येईल, वीज प्रकल्प येईल. तेव्हा आपल्या खासदाराला, आमदाराला दोन प्रश्न जरूर विचारा. साहेब, तुमचा होकार असेल तर का? आणि हे ठरवण्याआधी तुम्ही कुणाच्या दारात जाऊन आलात?