कासवाचा कान

गोवंडीच्या आमच्या छोट्याशा घरात काचेच्या टाकीत एक कासव आहे. मूळचं अमेरिकेतल्या जातीचं, डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेलं. त्या पट्ट्यालाच आम्ही कान समजत होतो. एका पावसाळ्यात पट्ट्याजवळ सुपारीएवढी गाठ आली आणि त्याने खाणं सोडलं. शेजारचे काका म्हणाले, 'गळू आहे. सुई तापवून फोडा.' मुलगा सुई आणायला उठलाही होता.

त्याला थांबवलं आणि कुर्ल्याला गाडी बदलून परळचं बैलघोडा इस्पितळ गाठलं. तिथे कळलं, कासवाच्या कानाला पाळी नसते; कातडीखाली नुसता पडदा. त्यामागचा पू वाहत नाही, पनीरसारखा घट्ट होतो. सुईने तो निघत नाही, जखम मात्र चिघळते. डॉक्टरांनी भूल देऊन छेद घेतला, गोळा काढला, पोकळी धुतली. जखम भरेपर्यंत कासव कोरडं ठेवायचं, पाण्यात रोज थोडाच वेळ सोडायचं.

मग त्यांनी विचारलं, 'खायला काय घालता? पाणी कधी बदलता?' सुकी कोळंबी, एवढंच सांगता आलं. नळ तासभरच येतो म्हणून पाण्याची टाळाटाळ व्हायची. 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं की घशातून कानाकडे जाणाऱ्या नळीचं अस्तर बिघडतं आणि घाण पाण्यातले जंतू तिथे शिरतात.

आता त्याला गाजर, लाल भोपळा, कासवाचं तयार खाद्यही मिळतं. नळ आला की पिण्याचं भरून झाल्यावर पहिलं पाणी त्याचं. जीवनसत्त्वाचे थेंब मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. जास्त झाले तर कातडी सोलवटते. आणि कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुवा.