गिऱ्हाइकांचे अभिप्राय

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. पहाटे साडेचारला उठावे, कांदा चिरायला घ्यावा आणि साडेसहाला गाळ्याचे दार उघडावे, एवढेच मला ठाऊक. पण चिटणीसबाईंनी हट्टच धरला. म्हणाल्या, "तुमच्याकडे रोज शंभर-सव्वाशे माणसे खाऊन जातात. ती काय म्हणतात, तेवढेच सांगा." म्हटले, हे जमेल. गेल्या ९ वर्षांत पैशाची फारशी नसली, तरी लोकांच्या मतांची शिल्लक माझ्याकडे पुष्कळ आहे.

आमची जागा आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिली आहे. डोंबिवली पूर्वेला, स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा एक लहानसा गाळा. आत चार बाके, बाहेर उभ्याने खाणाऱ्यांसाठी दोन उंच टेबले. आम्ही तिघी मिळून चालवतो, आणि चौथ्या आमच्या भांडी घासणाऱ्या ताई. रोज पोहे आणि उपमा, सोमवारी आणि चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी, शनिवारी थालीपीठ, आणि चहा. साडेदहाला बंद. एक किलो जाड्या पोह्यांच्या साधारण पंधरा बश्या होतात, तेव्हा किती पोहे धुवावे लागत असतील त्याचा हिशेब तुम्हीच करा!

आता मते. पहिल्या महिन्यात मी अगदी भांबावून गेले होते. एक म्हणे, पोह्यांत साखर जास्त. त्याच कढईतले खाऊन दुसरा म्हणे, चिमूटभर साखर घातली असतीत तर बरे झाले असते. नागपूरकडचे एक गृहस्थ रोज विचारीत, "तर्री नाही का?" त्यांच्याकडे पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा ओततात. पुष्कळ वर्षे इंदूरला राहून आलेल्या एक काकू पोह्यांवर शेव मागत आणि शेजारी जिलबी नाही म्हणून हळहळत. कोकणातल्या मावशींना वर ओले खोबरे भुरभुरले नाही तर ते पोहेच वाटत नसत. आणि लोकलच्या घाईतली मुले-मुली? त्यांचे मत एकच : "काकू, लवकर द्या!"

सगळ्यांचे ऐकावे म्हणून मी एक दिवस साखर वाढवी, एक दिवस तिखट. परिणाम असा झाला की कोणीच खूश होईना. मग हळूहळू उमगले. प्रत्येकाच्या जिभेवर त्याच्या आईचे स्वयंपाकघर असते. तो माझ्या पोह्यांना नावे ठेवीत नसतो, त्याला घरची आठवण झालेली असते. तेव्हापासून मी पोहे माझ्या पद्धतीने करते आणि साखर, शेव, खोबरे, लिंबाची फोड टेबलावर ठेवते. ज्याने त्याने आपापली आई आठवावी!

इथवर सारे हसण्यावारी नेण्यासारखे आहे. पण मला सांगायचे आहे ते निराळेच. ते सांगताना थोडा संकोच वाटतो, कारण त्यात माझी चूक आहे.

भगिनींनो, आपण घरी वर्षानुवर्षे रांधतो. आमटी चांगली झाली तर कोणी काही बोलते का? ताट रिकामे करून माणसे उठून जातात. मीठ कमी पडले की मात्र लगेच आवाज येतो. २८ वर्षे मी याच शाळेत शिकले. न बोलणे म्हणजे चांगले झाले, हा माझा पक्का समज. गाळा सुरू केल्यावर पहिल्याच आठवड्यात एक अनोळखी मुलगी बशी परत देताना म्हणाली, "काकू, उपमा फार छान झालाय." मी आत जाऊन डोळे पुसले. चांगले झाले म्हणून सांगणारे माणूस मला आयुष्यात प्रथम भेटले, आणि वर तिने पैसेही दिले होते.

पण दुकानाची रीत घराच्या उलट असते, हे तेव्हा मला कळले नव्हते. घरात चांगले झाले की कोणी बोलत नाही. दुकानात वाईट झाले की कोणी बोलत नाही. माणूस मुकाट्याने खातो, पैसे देतो, आणि दुसऱ्या दिवसापासून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जातो.

आमच्याकडे एक आजोबा येत. रेल्वेतून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली, एकटेच राहत. रोज सातला येऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसत. बिनमिरचीचे पोहे आणि अर्धा कप चहा. तीन वर्षांत त्यांनी कधी तक्रार केली नव्हती. एका श्रावणी सकाळी मात्र ते हळूच म्हणाले, "बाई, शेंगदाणा खवट लागतोय."

त्या वेळी दाराशी गर्दी होती, एक शेगडी बिघडलेली होती आणि माझे डोके तापलेले होते. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आजोबा, इतकी माणसे खातात, कोणाला लागला नाही तो! तुमच्याच तोंडाची चव गेली असेल." चार माणसे हसली. आजोबा काही बोलले नाहीत. चहा संपवला, पैसे मोजून ठेवले आणि गेले. बशीच्या कडेला त्यांनी शेंगदाणे ओळीने काढून ठेवले होते. मी ती बशी उचलली, पाहिली, आणि तशीच घासायला टाकली.

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. रुसले असतील, म्हटले. पुढच्या दोन आठवड्यांत बाकीची गिऱ्हाइकेही कमी होऊ लागली. सव्वाशेच्या जागी नव्वद बश्या जाऊ लागल्या. सोमवारची खिचडी तर निम्मी उरली. मी पावसाला दोष दिला. श्रावण आहे, लोक घरीच फराळ करीत असतील, अशी स्वतःची समजूत घातली. कोणी तक्रार तर करीत नव्हते ना!

शेवटी एके दिवशी भांडी घासणाऱ्या ताई म्हणाल्या, "बाई, रागावू नका. पंधरा दिवस झाले, शेंगदाणे बशीत राहतात हो. नळाच्या जाळीत रोज मूठभर निघतात."

मी डबा उघडून दोन दाणे तोंडात टाकले. खरोखरच खवट! स्वस्त मिळाले म्हणून मी एकदम १० किलो भाजलेले शेंगदाणे भरून ठेवले होते. दाण्यात तेल असते. भाजल्यावर त्याला हवा आणि उष्णता लागली की ते लवकर बिघडते. तो डबा शेगडीशेजारी आणि झाकणही सैल. मी रोज चमच्याच्या टोकावर पोहे घेऊन मीठ चाखत होते, पण दाणा कधी चाखला नव्हता. आणि खिचडीत तर दाण्याचे कूटच कूट. उपासाच्या दिवशी दुसरे काही न खाणाऱ्या बायकांना मी ते खाऊ घातले होते.

त्याच दुपारी मी आजोबांच्या इमारतीत गेले. दाराला कुलूप. शेजारच्या बाईंनी सांगितले की ते मुलीकडे नाशिकला राहायला गेले. कायमचेच. कधीपासून ठरले होते, जाण्याआधी काही दिवस सकाळी घरी पाव-चहा घेत, असेही त्या म्हणाल्या. जिना उतरताना माझे पाय जड झाले. आपल्या गावातल्या शेवटच्या आठवड्यात त्या माणसाला माझ्या एका वाक्यापायी घरी पाव खावा लागला. आणि ज्याला उलट बोलले, त्याच एकट्याने माझ्या भल्याचे सांगितले होते. त्यांची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

मुंबईत लालबाग-परळकडे खाणावळवाल्या बाया गिरणीकामगारांना महिनेवारीने जेवू घालीत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, हे आपल्याला ठाऊक आहे. मला वाटते, त्या बायांना अभिप्रायाची वही लागत नसावी. जेवणारा रोज समोर बसे. पान कसे उठते, हे त्या डोळ्यांनी पाहत. आम्ही मात्र काउंटरमागे उभ्या राहिलो आणि बशी पाहण्याचे काम भांडी घासणाऱ्या ताईंवर सोडले. वर त्यांना कधी काही विचारले नाही! गिऱ्हाइकांची खरी मते आमच्या गाळ्यात त्यांच्याइतकी कोणालाच ठाऊक नव्हती.

आता आमच्याकडे तीन गोष्टी होतात. शेंगदाणे आठवड्यापुरते, कच्चे आणून घरी भाजायचे, आणि रोज सकाळी तिघींनी दोन-दोन दाणे खाऊन पाहायचे. साडेदहाला बंद केल्यावर ताईंसह चौघींनी चहा घेत बसायचे, आणि पहिले बोलायचे ते ताईंनी : आज बशीत काय राहिले? तिसरी गोष्ट, कोणी तक्रार केली तर आधी ते पोहे स्वतः खाऊन पाहायचे आणि मग तोंड उघडायचे. ही तिसरी सर्वांत अवघड. अजूनही जीभ वळवळते. मग मी कोपऱ्यातल्या बाकाकडे पाहते.

भगिनींनो, आपल्याकडे माझे दोन मागणे आहेत. आमच्याकडे खायला आलात आणि काही बिघडलेले वाटले, तर मुकाट्याने जाऊ नका. मला आत बोलावून सांगा, चारचौघांत सांगितलेत तरी चालेल. आणि दुसरे, आज घरी गेल्यावर ज्या कोणी तुमच्यासाठी रांधले असेल, सासूबाई असोत, सून असो की पोळ्या करणाऱ्या मावशी असोत, त्यांना चांगले झाले असेल तर चांगले झाले म्हणून सांगा. त्याला पैसे पडत नाहीत.

माझे बोलणे लांबले. बाहेर चहा आणि पोहे आमच्याच गाळ्यातून आले आहेत. खाऊन पाहा, आणि काय वाटले ते स्पष्ट सांगा. बशा मी स्वतः गोळा करणार आहे.